पायाने फुंकलेली सनई

सनई मी पायाने फुंकते. बोटं गिटारवर असतात, तोंड मिटलेलं असतं आणि उजव्या पायाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की फुंकर जाते, सोडलं की थांबते. सहा वर्षं हे काम करते आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंक येतात. त्यांत नर्सबाई, एसटीचे कंडक्टर, पोस्टातले साहेब आपापल्या नोकरीचं लिहितात. मी चौथीपर्यंत शिकले, पण वाचायची सवय राहिली. आमच्या कामाचं कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहायला बसले. पाठवणार कुठेच नाही. कार्यक्रमांच्या तारखा लिहायच्या डायरीची ह्या वर्षीची पुढची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते. वैशाखात माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गिटार पेटीत आहे.

नवऱ्याचं नाव मधुकर. मी तोंडाने नाव घेत नाही, 'हे' म्हणते. इथेही तसंच लिहीन.

आमचं गाव उरणच्या बाजूला. हे बंदरावर ट्रेलर चालवायचे आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत गिटार वाजवायचे. एके दिवशी घरी येऊन म्हणाले, मिडी घेतली. आमच्याकडे मिडी म्हणजे पोरींचा गुडघ्याखाली येणारा फ्रॉक. सासूबाईंनी विचारलं, "कोणाला रं? आपल्यात पोरगी कुठं हाय?" पेटी उघडली तर गिटार. त्या जातीच्या गिटारलाच मिडी गिटार म्हणतात.

दिसायला ती साधीच असते. पण जिथे तारा संपतात तिथे एक बारीक पट्टी बसवलेली असते आणि तिला सहा तारांचे सहा वेगळे कान असतात. कुठली तार, कुठल्या सुरात, किती जोरात हलली, हे ती कॉम्प्युटरला कळवते. गिटारचा स्वतःचा आवाज लोकांपर्यंत जातच नाही. लोकांना ऐकू येते ती सनई, बासरी, ट्रम्पेट, जे कॉम्प्युटरात लावलं असेल ते.

कॉम्प्युटरातल्या वाद्यांच्याही दोन जाती आहेत. एका जातीत कोणीतरी खरी सनई वाजवून तिचे तुकडे भरून ठेवलेले असतात. बटण दाबलं की तो तुकडा वाजतो. दुसऱ्या जातीत भरलेलं काहीच नसतं. नळी केवढी, भोकं कुठे, तोंडातली पत्ती किती कडक, फुंकर किती, ह्याचा हिशोब कॉम्प्युटर त्या त्या घडीला मांडतो आणि त्यातून आवाज काढतो. माझे वडील मिठागरात कामाला होते, म्हणून मी ते माझ्या मनाशी असं समजून घेतलं की पहिली जात म्हणजे दुकानातलं पिशवीतलं मीठ. कधीही फोडा, तेच. दुसरी जात म्हणजे मिठागर. पाणी, ऊन, वारा जसा मिळेल तसं पिकणार, आणि हात चुकला तर सगळा वाफा वाया जाणार. आम्ही दुसऱ्या जातीचं वाजवतो.

म्हणून ते खऱ्या वाद्यासारखंच बिघडतं. फुंकर कमी पडली तर सूर घुसमटतो, जास्त झाली तर वर जाऊन किंचाळतो. जाड तारेचा सूर ओळखायला पट्टीला वेळ लागतो, आवाज उशिरा येतो, म्हणून आम्ही बारीक तारांवर वाजवतो आणि कॉम्प्युटरला खालच्या पट्टीत बोलायला लावतो. आणि मुख्य म्हणजे त्या सहा कानांना सूर आणि धक्का ह्यांतला फरक कळत नाही. पदर, नख, बांगडी, तारेला काहीही लागलं तरी त्यांना ते वाजवणंच वाटतं. साध्या गिटारला बांगडी लागली तर टिक असा आवाज होऊन विरून जाईल. इथे सनई ओरडते. त्यासाठी उजवा तळहात तारांच्या मुळाशी टेकवून, ज्या वाजवायच्या नाहीत त्या तारा दाबून धरायच्या असतात. त्या हातात काही घालून चालत नाही. माझ्या उजव्या हातातल्या दोन बांगड्या मी वाजवण्याआधी काढून एका स्टीलच्या डबीत ठेवते आणि झाल्या झाल्या परत घालते.

मी ह्यात आले ती ह्यांच्या हातामुळे. ट्रेलरचा फाळका डाव्या हाताच्या बोटांवर पडला. बोटं राहिली, पण दोन वाकेनात. गिटारच्या तारा दाबायच्या त्याच हाताने. हे कित्येक आठवडे गिटारकडे बघत नव्हते. मी फक्त तारा पुसून ठेवायचे, कारण खाऱ्या हवेने त्या गंजतात. एका दुपारी मी पुसताना हे पलंगावरून म्हणाले, दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीवर दाब. मी दाबलं. त्यांनी येऊन उजव्या हाताने तार छेडली. मग म्हणाले पाचवीवर. असे आम्ही वर्षभर दोघं मिळून एक गिटार वाजवली. मी दाबायचं, त्यांनी छेडायचं, एकाच खाटेवर खांद्याला खांदा लावून. पुढे छेडायचंही माझ्याकडे आलं आणि हे कॉम्प्युटर आणि मिक्सर बघू लागले.

लोकांसमोर बसायची मला भीती. स्पीकरच्या पेट्यांमागे पडदा लावून मी बसते. कानात ह्यांच्या माईकची वायर असते. हे समोर बसून ऐकतात आणि मला एकेक शब्द सांगतात. 'दे' म्हणजे सुरू कर. 'सोड' म्हणजे पाय उचल. 'वाढव' म्हणजे पेडल दाब, आवाज मोठा कर. एका कार्यक्रमात 'वाढव' पन्नासदा तरी येतं. शब्द कानात पडला की माझा पाय मला न विचारता हलतो. तो शब्द नीट ऐकणं हेच माझं अर्धं काम.

किहीमला नारळाच्या बागेत मुंबईच्या एका पार्टीचं लग्न होतं. त्यांना नवरीच्या येण्याला ट्रम्पेट हवी होती, मग सनई, मग बासरी. जेवणवाल्याने तेवढे वाजवणारे धरून आमच्याकडे सात ताटं पाठवली. आम्ही तिघंच होतो, हे, मी आणि ढोलकीवाला. त्याचा माणूस ताटं घेऊन बागेत फिरत होता, "ट्रम्पेटवाले कुठं गेले? बासरीवाले कुठं गेले?" ढोलकीवाल्याने त्याला सांगितलं, ते समुद्रावर गेलेत, ठेव इथे. आणि चार माणसांचं जेवला.

मला त्या दिवशी घास गेला नाही. नवरदेवाचे वडील भाषणाला उभे राहिले आणि ट्रम्पेट आपोआप वाजायला लागली. पेडलची वायर ढिली झाली होती. कॉम्प्युटरला वाटलं पाय पूर्ण दाबलेला आहे. मी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, तारा हाताने दाबल्या, तरी ती वाजतच राहिली. माणूस असता तर दम संपून थांबला असता. ह्यांनी धावत येऊन वायर उपटेपर्यंत त्या वडिलांनी माईक खाली ठेवला होता. नंतर ते हसून म्हणाले, माझ्यापेक्षा बरं बोलली. पण मी त्या दिवसापासून वायर तीन वेळा बघते. घरातून निघताना, बसताना आणि पहिल्या सुराआधी.

एकदा तळ्याकडचे एक म्हातारे वाजंत्री पडद्यामागे आले. गोविंदबुवा नाव. चाळीस वर्षं सनई वाजवलेली, आता दात गेल्यामुळे थांबलेले. मला वाटलं शिव्या देतील, आमचा धंदा बुडवला म्हणून. ते माझ्या पायाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, श्वास कुठं घेतेस?" मी म्हटलं, घ्यावा लागत नाही. म्हणाले, "म्हणूनच ऐकणाऱ्याला गुदमरायला होतंय." मी घरी येऊन खूप दिवस त्यावर विचार केला. खरा वाजंत्री नाकाने श्वास भरून सूर चालू ठेवतो, तरी तो भरताना सूर किंचित हलतो. ते हलणं माझ्या वाजवण्यात नव्हतं. आता मी मनातल्या मनात दम संपल्यासारखं करते आणि तेवढा पाय ढिला सोडते. ह्यांना पहिल्यांदा ते कळलं तेव्हा कानात काहीच बोलले नाहीत. ह्यांचं काहीच न बोलणं म्हणजे शाबासकी.

गेल्या हिवाळ्यात पेट्या उचलताना ह्यांना धाप लागायला लागली. पनवेलच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. तीन नळ्या बंद, छाती उघडून ऑपरेशन करायचं ठरलं. तारीख मिळाली वैशाखातल्या एका बुधवारची. त्याआधीच्या गुरुवारी आमच्याच बाजूच्या एका गावात हळदीचं काम आधीच घेतलेलं होतं. मी म्हटलं, नको जाऊ या. हे म्हणाले, बसूनच तर असतो मी, आणि घरी बसून काय घड्याळाकडे बघू? पेट्या उचलायला ढोलकीवाल्याने माणसं आणली.

माझ्या मनात त्या दिवसांत एकच होतं, बुधवार. दिवा लावताना, भाकरी करताना, तारा पुसताना. मी देवभोळी आहे. ते लपवून काय करू. मांजर आडवं गेलं तरी मी परत फिरायचे.

नाचगाण्याची हळद संध्याकाळी होती. पण अंगाला हळद लावायचा विधी दुपारी चारला. त्या वेळी धवलारीण, म्हणजे आमच्या लग्नांत जुनी गाणी म्हणून विधी चालवणारी बाई, एक ओळ म्हणते आणि मागून सनईने ती ओळ उचलायची असते. अर्धा तास. ह्या कामात चूक झाली तर ती सगळ्यांना कळते, कारण ढोल-ताशे नसतात.

घरात सगळं नवरीच्या आत्याच्या, हिराआत्याच्या, शब्दावर चाललं होतं. हळदीच्या आधी घरातल्या बायकांना हिरवा चुडा भरतात. पडवीत कासार पेटी उघडून बसला होता. मी बांगड्या डबीत काढून वायर बघत होते. पाणी प्यायला म्हणून पडवीवरून गेले, तेवढ्यात हिराआत्याने माझा उजवा हात धरला.

"गो बाय, हात भुंडा का तुझा? नवरा हाय ना?"

मी मान हलवली.

"कुठं हाय?"

मी बोटाने दाखवलं. हे मांडवात मिक्सरपाशी बसले होते.

"तो चांगला बसलाय की जिता. आणि तू हळदीच्या घरात अशी फिरतेस? बस हितं."

मी सांगायला हवं होतं. आत्या, मला वाजवायचं आहे, हातात काही चालत नाही, एवढीच दोन वाक्यं. पण पडवीभर बायका बघत होत्या आणि मी खाली बसले. कासाराने माझी बोटं दाबून बघितली आणि खूश होऊन म्हणाला, हात मऊ आहे, अगदी लहान मापाच्या बसतील. चांगला कासार माप जेवढं लहान चढवेल तेवढी त्याची हुशारी. डाव्या हातात सहा चढवल्या, उजव्यात रीतीप्रमाणे एक जास्त, सात. काचेच्या, हिरव्यागार. चुड्याला नमस्कार करून मी उठले.

मोरीवर जाऊन साबण लावला. अंगठ्याच्या हाडापाशी आल्या आणि अडकल्या. डाव्या हाताच्या कोपराकडे सरकतात, त्यांचं काही नव्हतं. उजव्या हाताच्या नेमक्या तारांच्या मुळाशी येत होत्या. मी ह्यांना जाऊन हात दाखवला. ह्यांनी खिशातला रुमाल काढून बांगड्यांवर घट्ट बांधला. पण रुमालाने मनगट इतकं जाड झालं की तळहात तारांवर टेकेना. रुमाल सोडला. हे हळू आवाजात म्हणाले, "बघू. आधी वाजवून बघ. मग सांगतो काय ते."

काच काढायचा दुसरा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. तो आम्ही दोघांनीही तोंडातून काढला नाही. चुडा फुटला असं आपण म्हणतसुद्धा नाही, वाढवला म्हणतो. नवरा गेल्यावर बाईचा चुडा वाढवतात.

धवलारणीने पहिली ओळ म्हटली. मी मनगट उचलून अलगद वाजवलं, निभावलं. दुसऱ्या ओळीला काच तारेला लागली आणि सनई अशी किंचाळली की मुलीच्या गालाला हळद लावणारा हात थांबला. बायकांतून कोणीतरी म्हणालं, "सनईवाल्याच्या पोटात दुखतंय वाटतं," आणि सगळ्या हसल्या. पडद्याच्या फटीतून मला धवलारीण दिसत होती. ती हसली नाही. तिने मान वळवून आवाज कुठून आला ते बघितलं आणि तिसरी ओळ सुरू केली. मी घाबरून पाय ढिला सोडला, म्हणजे ओरडली तरी कमी ओरडेल. सूर केविलवाणा निघाला, आणि त्यातही काच लागली, पुन्हा तेच.

तेवढ्यात कानात ह्यांचा आवाज आला. "वाढव."

मी उजवा हात स्पीकरच्या लोखंडी स्टँडवर आपटला. एकदा, आणि राहिलेल्या दोन बांगड्यांसाठी पुन्हा एकदा. मनगटाला दोन ठिकाणी कापलं. तळहात तारांवर टेकवला, पाय दाबला आणि चौथी ओळ उचलली.

त्यानंतर अर्धा तास सनई चांगली वाजली. चांगली म्हणजे इतकी की धवलारीण एका ओळीवर थांबून राहिली आणि मला पुढे जाऊ दिलं, मग हसून ती ओळ परत घेतली. पांढऱ्या गिटारवर लाल ठिपके पडत होते ते मी पुसलेसुद्धा नाहीत.

विधी संपल्यावर हिराआत्या माझ्यासाठी ताट घेऊन पडद्यामागे आली. खाली काचा बघितल्या, माझा हात बघितला. ताट पेटीवर ठेवलं.

"कोणी वाढवल्या?"

"मी."

"का?"

"ह्यांनी सांगितलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "जित्या नवऱ्यानं सांगितलं, चुडा वाढव?"

काचा पदरात गोळा करून, माझा तोच हात धरून तिने मला मांडवातून ह्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. सगळ्या बायका मागे. "काय रं, बायकोला चुडा वाढवायला सांगितलास तू?"

हे वायर गुंडाळत होते. ती पूर्ण गुंडाळून झाली, मग त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "आवाज, आत्याबाय. आवाज वाढव म्हणालो. सनई बारीक येत होती."

सगळा मांडव हसायला लागला. हिराआत्या तर डोळे पुसत होती. "माझे बाय, असा नवऱ्याचा शब्द झेलू नये गो, उद्या विहिरीत पाय सोड म्हणाला तर?" कासाराला जेवणावरून उठवून आणलं. त्याच्याकडे मोठ्या मापाच्याच उरल्या होत्या. त्या त्याने माझ्या हातात घातल्या आणि ह्या वाजवताना काढता येतील असंही सांगितलं. संध्याकाळभर पोरं नाचता नाचता ओरडत होती, "मधूदादा, आवाज वाढव, बांगड्या नको." हेही हसत होते.

मी हसले नाही. पहिलं म्हणजे, बुधवारला सहा दिवस होते आणि मी माझ्या हाताने चुडा वाढवला होता. दुसरं म्हणजे, मी चुकीचं ऐकलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा. ज्या शब्दाचा अर्थ रोज आवाज होतो, त्याचा मी भलताच अर्थ घेतला. कान असा फिरायला लागला तर मी कामाची काय राहिले?

पुढचे दिवस मी सगळं दोनदा विचारलं. हे म्हणायचे चहा दे, मी विचारायचे, चहाच ना? हे म्हणायचे खिडकी लाव, मी खिडकीपाशी जाऊन मागे वळून बघायचे. हे थट्टा करायचे, आल्यागेल्याला हळदीची गोष्ट रंगवून सांगायचे. मग एकाएकी गप्प व्हायचे. मला वाटलं बुधवारमुळे.

मंगळवारी दाखल केलं. बुधवारी सकाळी ह्यांच्या गळ्यातली साखळी आणि बोटातली अंगठी काढून माझ्याकडे दिली. ढकलगाडीवरून नेताना हे माझ्या मोठ्या मापाच्या बांगड्यांकडे बघून काहीतरी म्हणायला लागले, पण दार आलं.

बाहेर बाकावर मी पाच तास बसले. तिथे मला जे कळलं ते मी कोणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. अपशकुनाची भीती होतीच. पण त्याखाली दुसरी गोष्ट होती. कानात शब्द आला तेव्हा मी थांबले नाही. नवऱ्याचं ऑपरेशन सहा दिवसांवर असलेल्या बाईने दोन क्षण तरी थांबायला हवं होतं, मान वळवून खरंच का असं विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यात त्या घडीला नवरा नव्हता, बुधवार नव्हता. सूर साफ यायला हवा, एवढंच होतं. आणि साफ आला तेव्हा मला आनंद झाला होता.

दुपारी डॉक्टर आले आणि ऑपरेशन नीट झालं म्हणाले. मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं.

तिसऱ्या दिवशी ह्यांना साध्या वॉर्डात आणलं. छातीवर पट्ट्या, आवाज अगदी खोल गेलेला. मी चमच्याने पाणी देत होते. दोन चमचे घेतल्यावर ह्यांनी हाताने थांबवलं.

"हळदीचं," हे म्हणाले. "मी आवाज म्हणालो नव्हतो."

मला काही कळेना. मी वाकून विचारलं, काय म्हणालात?

"बांगड्याच वाढव म्हणालो होतो. सनई फाटत होती गो. दुसरं काय सुचलंच न्हाय."

मी चमचा वाटीत ठेवला. मग आत्याला तसं का सांगितलं, असं विचारलं.

"सगळ्या बायका समोर. जिता नवरा काय सांगणार?"

"आणि मला?"

"तुला सांगणार होतो. पण तुझं तोंड बघून वाटलं, ऑपरेशन होऊ दे." दम घ्यायला हे थांबले. "मग रोज वाटायचं, न्हाय झालं तर? माझ्या तोंडून गेलेलं ते. झोप न्हाय मला गुरुवारपासून."

मला राग आला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी ह्यांच्यावर आवाज चढवलेला नाही, आणि वॉर्डात तर चढवता येतच नव्हता. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली रिक्षा लागल्या होत्या. सहा दिवस मी चहासुद्धा दोनदा विचारला होता आणि हे माझ्याकडे बघून थट्टा करत होते. बाकावरचे ते पाच तास आठवले. मग हळूहळू लक्षात आलं की त्या दुपारी मांडवाच्या दोन टोकांना आम्ही दोघं होतो आणि दोघांच्याही डोक्यात एकच होतं, सूर साफ यायला हवा. ऑपरेशन तर ह्यांच्या छातीचं होतं.

मी परत येऊन खुर्चीवर बसले.

"नक्की बांगड्या म्हणालात?"

"नक्की."

"आवाज नाही?"

"आवाज न्हाय."

"मग मी बरोबर ऐकलं होतं," मी म्हटलं, आणि वाटी उचलून ह्यांना तिसरा चमचा दिला.